पट्टा पडला की येईल

साठी उलटल्यावर मी पुन्हा पहिलीत बसले. शाळा म्हणजे मोबाईल आणि विषय तुर्की. तिसगावात तुर्की! बाजारात कुणाला कळलं असतं तर लोक हसून हसून आडवे झाले असते. घरी हे म्हणालेच, "आधी तुझं इंग्रजी तरी सरळ कर." म्हटलं, तुम्ही गप्प बसा. नातीशी बोलायचंय मला, तुमच्याशी नाही.

माझी लेक पुण्याला नोकरीत होती. तिथेच एका तुर्की मुलाशी तिने लग्न केलं आणि त्याच्या देशात संसार थाटला. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर हातची गेली. आमच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हते. लेकीला शेवटचं मोबाईलवर पाहिलं. मागे राहिली पाच वर्षांची नात. आई होती तोवर ती माझ्याशी मराठीत बडबडायची, 'आजी, मनीमाऊ दाखव' म्हणायची. आई गेली आणि बघता बघता तिची मराठीही पुसून गेली. रविवारी संध्याकाळी जावई व्हिडिओ कॉल लावायचे. नात माझ्याकडे बघत बसायची, मी तिच्याकडे. दोघी मुक्या. असंच चाललं तर ही मला विसरणार, या भीतीने माझी अन्नावरची वासनाच उडाली.

पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेली बाई. आमच्या पाथर्डी भागातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची ती पाटी कोरी करूनच. मी चरफडायचे आणि पुन्हा 'ग म भ न'पासून सुरू करायचे. यायचं की त्यांना! काही पोरं मागे आजीपाशी राहायची. ती शाळेच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायची आणि विचारायची, "बाई, माझी आई कधी यंल?" माझं उत्तर ठरलेलं होतं, "पट्टा पडला की येईल." पट्टा पडला म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं. आणि यायच्या हो त्या आया, डोक्यावर बोचकी घेऊन. मी कधी खोटी पडले नाही.

तर मला वाटलं, तुर्कीही येईल. डोंबल आली! सुरुवातीला जमतंयसं वाटायचं. साबणाला साबुन, दुनियेला दुन्या, हवेला तर हवाच. मग एकेका शब्दाला शेपट्या फुटायला लागल्या. सकाळी पाठ केलेलं भाकरी थापेपर्यंत साफ. ते मेलं ॲप शिकवायचं काय, तर 'घोडा सफरचंद खातो'. अरे, मला घोड्याचं काय करायचंय? मला विचारायचंय, जेवलीस का, वेणी कोण घालतं तुझी? ओठांचा चंबू करून मी त्यांचे उच्चार घोटत बसले की शेजारीण भिंतीवरून डोकवायची, "बाई, दात लई दुखतोय का काय?"

वेणीचं वाक्य घोटून घोटून शेवटी एका रविवारी विचारलं. नात भराभरा काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, मी आपली नुसती मान हलवली. तिने ते ओळखलं आणि खेळायला निघून गेली. त्या दिवशी मी ह्यांच्यासमोर रडले.

तरी सोडलं नाही. आणि एका रविवारी नात आपणहून मोबाईलपाशी आली, तोंड अगदी पडद्याला लावून म्हणाली, "आन्नेम ने झमान गेलेजेक?"

कळलं! एकूण एक शब्द कळला. मी ह्यांचा हात धरून ओरडले, "अहो, कळलं मला!"

"काय म्हणतेय?" ह्यांनी विचारलं.

ती म्हणत होती, माझी आई कधी येईल?

पोरीला घरात आईबद्दल काय सांगितलंय, हे जावयांना विचारायची माझी कधी छाती झाली नव्हती. मराठीत असतं तर मी इकडून तिकडून फिरवून काही सांगितलं असतं, तिला जरा रमवलं असतं. तुर्कीत माझ्यापाशी होतं काय? घोडा आणि सफरचंद. ती डोळे लावून बसली होती. आणि तिचाच शेवटचा शब्द माझ्या तोंडून गेला, "गेलेजेक." येईल. शाळेतल्या पोरांना सांगायचे तसंच.

तिचा चेहरा असा फुलला म्हणता, बाई गं! खुर्चीवरून उडी मारून ती ओरडत आत पळाली. मग जावई पडद्यावर आले. रागावले नाहीत. नुसता फोन बंद केला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग त्यांचा मेसेज आला, मशीनने केलेल्या मराठीत: "आई, कृपया काही काळ कॉल नको. मूल दारात बसते. जेवायला उठत नाही."

बाळा, आई आता येणार नाही. एवढं मला आता तुर्कीत नीट म्हणता येतं. न अडखळता येणारं हे एकच वाक्य, आणि ऐकायला कोणी नाही. यंदाही पट्टा पडेल. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजतील, इथल्या पोरांच्या आया उतरतील. तिकडे माझी नात दारात बसली असेल, आणि तिला बसायला मी सांगितलंय.