'जातो' म्हटल्याशिवाय चावी नाही

भाड्यानं खोल्या देणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे जुने नळ आणि दुसरी म्हणजे किस्से. नळ भंगारवाला नेतो. किस्से कुणी नेत नाही, ते असे कुणाला तरी धरून ऐकवावे लागतात.

फौजेतून रिटायर झालो आणि रहिमतपूरला घरी जायचं सोडून मिरजेत एक छोटी इमारत घेतली. सल्ला मेहुण्याचा. "दाजी, मिरजेत खोली रिकामी ऱ्हात न्हाई. मानूस आजारी पडायचा थांबतोय व्हय?" गल्ली दवाखान्यांची, त्यामुळं भाडेकरू म्हणजे नर्सा, मेडिकलची पोरं आणि पेशंटचे नातेवाईक.

तिथंच आमचं त्रिकूट जमलं. मी, बापू माने आणि दस्तगीरभाई. बापू मूळचे ऊसवाले, त्यांच्या खोल्या साताऱ्यात, पण स्वतः राहतात मिरजेत लेकीकडं. दस्तगीरभाई तंबोरे करतात आणि कारखान्याच्या मागं त्यांच्या तीन खोल्या आहेत. रोज सकाळी चहाला आम्ही तिघं भेटतो आणि कुणाच्या घरात काय गळतंय ते सांगतो.

मध्यंतरी दस्तगीरभाईंना डॉक्टरांनी बायपास सांगितलं. ते टाळत राहिले. "मी आडवा पडलो तर खोल्या कोन बघनार?" शेवटी भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना अक्षरशः दंडाला धरून नेलं. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मी, बापू आणि भाभी बाहेर बाकावर बसलो होतो. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. सियाचीनला वाटली नव्हती एवढी. गप्प बसवेना, म्हणून बापूंनी किस्से काढले.

*

पहिला त्यांचा स्वतःचाच, मग माझे आणि दस्तगीरभाईंचे. साताऱ्यातल्या त्यांच्या खोल्यांत कॉलेजची पोरं होती. त्यांनी हॉलच्या भिंतीवर ऑइलपेंटनं स्टंप रंगवले. पोरं गेल्यावर बापूंनी पाटी लावली : 'फक्त फॅमिलीसाठी'.

लगेच एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून आजोबा उतरले, आजी उतरली, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरंबाळं, एक आत्या आणि शेवटी एक शेळी.

बापू म्हणाले, "आवं, एवढी मानसं?"

आजोबा म्हणाले, "फ्यामिली हाय. शेळी सोडून."

बापूंनी पाटीवर एक शब्द वाढवला : 'फक्त लहान फॅमिलीसाठी'. मग एक जोडपं आलं. मागं पाच पोरं, एकही शाळेत जायच्या वयाचं नाही.

"पाटी वाचली न्हाई व्हय?"

"वाचली की," तो गृहस्थ म्हणाला. "समदी ल्हानच हायती."

पाटीवर आता नुसतं 'खोली' एवढंच आहे.

*

माझं छत गळायला लागलं तेव्हा बसाप्पा गवंड्याला बोलावलं. माणूस सीमेपलीकडचा, बोलण्यात कानडी हेल, पण गॅरंटी शुद्ध मराठीत. वॉटरप्रूफिंग करून म्हणाला, "साहेब, पाच वर्षं बघायला नको."

मी खरंच बघितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात वरच्या नर्सबाईंनी दाखवलं, त्यांच्या पलंगावर छत्री उघडून ठेवली होती.

बसाप्पा आला. बराच वेळ छताकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "गळती हाय. पण ही माझी न्हाई. माझी त्या कोपऱ्यात व्हती."

*

आमच्या वरच्या खोलीत कोयनानगरचा एक पोरगा राहायचा, साळुंखे. लॅबमध्ये नोकरीला. लहानपणापासून भूकंपात वाढलेला. खाली सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वॉशिंग मशीन लावलं की इमारत जराशी हलायची. साळुंखे जिन्यातून शांतपणे सांगायचा, "काकू, तीन."

"काय तीन?"

"रिश्टर. चार झाला की मी भाईर."

एके दुपारी बाजारातून आलो तर हा कट्ट्यावर उशी आणि रजई घेऊन बसलेला. म्हटलं, "काय रं?"

"चार."

मी हसत हसत आत गेलो. मशीन चालत चालत जाऊन मोरीच्या दाराला आडवं बसलं होतं, दार उघडेना आणि सुनंदा आत. तिनं दाराआडून मला एवढंच सांगितलं, "त्याला विचारा, चार पॉइंट किती होता?"

*

दस्तगीरभाईंच्या एका खोलीत मेडिकलचा पोरगा होता. कारखान्यात तंबोरा लावायचं काम सुरू झालं की हा खिडकी आपटायचा. "चाचा, अभ्यास होत नाही!" बिचारे दस्तगीरभाई तारा लावायच्या राहू देऊन भोपळ्याला पॉलिश करत बसायचे. अख्खं वर्ष हेच चाललं.

पोरगा पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेला. एकदा आम्ही कारखान्यात बसलो असताना त्याचा फोन आला. "चाचा, परवा पेपर आहे. बसलो तरी डोक्यात काही शिरत नाही. जरा तंबोऱ्याजवळ फोन ठेवता का?"

दस्तगीरभाईंनी फोन ठेवला आणि तारा छेडत बसले. मधेच थांबून फोनमध्ये म्हणाले, "आवाज लय झाला तर सांग रं. खिडकी लावतो."

*

आता त्यांच्या चावीचं.

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे सगळ्यांना माहीत आहे. दस्तगीरभाईंच्या खोल्यांत मात्र उलटा कायदा. पेशंट बरा झाला, सामान बांधलं, रिक्षा आली, की भाडेकरूनं दारात उभं राहून 'जातो' म्हणायचं. त्याशिवाय ते चावी परत घेत नाहीत.

याची सुरुवात जतकडच्या एका आजीपासून झाली. ती नातवाला घेऊन आली होती. नातू बरा झाला, आजी "येतो बाबा" म्हणून गेली, आणि पोराला घेऊन परत आली. पुन्हा "येतो" म्हणून गेली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी तिनं चावी पुढं केली तर दस्तगीरभाईंनी हात मागं घेतला. "जातो म्हना."

"आवं, असं म्हनू ने. भरल्या घरातनं कुनी जातो म्हनतंय व्हय?"

"घरातनं न्हाई म्हनत. दवाखान्याच्या गल्लीतनं म्हनायचं."

आजी कशीबशी म्हणाली. त्यानंतर एसटीच्या कंडक्टरबरोबर तिच्या शेवग्याच्या शेंगा येत राहिल्या. आजी आली नाही.

भाभींना हे कधीच पटलं नाही. दोघं घरात हिंदी बोलतात, पण हे भांडण मराठीतच चालायचं, कारण भाडेकरू समोर असायचे. "आवं, निघताना असलं अभद्र बोलायला लावता. त्येंच्या जिवाला काय वाटत असंल?" असं म्हणून भाभी आत निघून जायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही भाडेकरूचं 'जातो' कानावर पडू दिलं नाही. आमच्या सुनंदाचाही पाठिंबा भाभींनाच.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आत निघालं तेव्हा दस्तगीरभाईंनी आमच्याकडं बघितलं. सवयीनं त्यांच्या तोंडून "जा..." एवढं निघालं आणि भाभींनी पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. वॉर्डबॉय थांबला. भाभींनी हात काढला तेव्हा दस्तगीरभाई म्हणाले, "येतो."

म्हणून आम्ही बाकावर बसलो होतो आणि बापू एकामागून एक किस्से सांगत होते. भाभी एकालाही हसल्या नाहीत. शेवटी बापूंचेही किस्से संपले आणि आम्ही तिघं नुसते दाराकडं बघत बसलो.

*

ते आले. बारीक झाले, पण आले.

डिस्चार्जच्या दिवशी मी रिक्षा घेऊन गेलो. डॉक्टर राउंडला आलेले. म्हणाले, "चाचा, एकदम छान. आता पंधरा दिवसांनी या."

दस्तगीरभाईंचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, 'या' म्हनू नका."

"अहो, टाके बघायचेत."

"मग तुमीच या. तंबोरे दावतो."

डॉक्टर घाईत होते, पुढच्या खोलीकडं गेले. मी पिशव्या उचलल्या. सिस्टर हात पुढं करून म्हणाली, "काका, लॉकरची चावी राहिली."

दस्तगीरभाईंनी चावी मुठीत धरली होती. त्यांनी मूठ उघडली नाही. एकदा भाभींकडं बघितलं आणि खाली जमिनीकडं बघत बसले.

सिस्टरनं मला विचारलं, "काय झालं ह्यांना?"

भाभी पुढं आल्या. त्यांनी दस्तगीरभाईंची बोटं एक एक करून सोडवली, चावी काढून सिस्टरच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "जातो आमी."