बाटलीवरची चिठ्ठी

"पाटी हिला द्या. ही इथलीच आहे."

असं मालती म्हणाली. अलिबागच्या दक्षिणेला, खडकांवर, सगळ्या वर्गासमोर. पाटीत काचेच्या बाटल्या होत्या, स्पिरिटचा डबा होता. ठरवलेला गडी आला नव्हता. प्राध्यापकांनी ऐकलं. ते किंचित हसले आणि घड्याळ पाहिलं. ओहोटी, आमच्याकडची सुकती, लागली होती, पाणी कुणासाठी थांबणार नव्हतं.

मी पाटी डोक्यावर घेतली. पंच्याची चुंबळ केली, ती सराईतपणे केली. तो सराईतपणा सगळ्यांनी पाहिला. खांदे वाकवून, धडपडत उचलली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मुलांनो, तुम्ही पत्रातून विचारता की आजी कॉलेजात काय शिकली. क्रमाने लिहिते.

तिसाच्या दशकातली ही गोष्ट. मुंबईच्या एका कॉलेजात मी शास्त्र शाखेत होते. सकाळी इंग्रजी कविता, दुपारी बेडूक आणि झुरळं, संध्याकाळी वादविवाद मंडळ. आमच्या वर्गात मुली दोनच, मालती आणि मी. आम्ही आगरी. वडील मिठागरावर कामाला, आई खडकांवरची कालवं फोडून विकायची. मिशनच्या शाळेतल्या मडमेने हट्टाने मला इथवर ढकललं होतं. मालतीही आमच्याच किनाऱ्याची, श्रीवर्धनची. सुपारीच्या वाड्या, वडील वकील.

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा सौम्य शब्द झाला. मी जळायचे. तिच्या चपलांवर, तिच्या इंग्रजी उच्चारांवर, तिच्या स्वतःच्या सूक्ष्मदर्शकावर. सागवानी पेटीत, आत मखमल. आम्ही बाकीचे कॉलेजच्या जुन्या यंत्रावर रांगा लावायचो. एकदा ती बाहेर गेली असताना मी तिच्या भिंगावर मुद्दाम अंगठा उमटवला. ती परत आली, पुसून काढला, कुणाचा म्हणून विचारलंही नाही. तेवढीसुद्धा दखल नाही. त्यावरही मी जळले.

ती चुकायची तेही ऐटीत. "सर, विसरले मी," म्हणायची आणि वर्ग हसायचा. मी विसरले असते तर माझी सगळी जात विसरली असती.

त्या वर्षी प्राध्यापकांनी जाहीर केलं होतं की सहलीत ज्याचा नमुना उत्तम ठरेल त्याची बाटली कॉलेजच्या संग्रहालयात कायमची राहील आणि पदवीनंतरच्या संशोधनासाठी त्याचीच शिफारस होईल. शिफारस एकच. मला ती हवी होती. इतकी हवी होती की सहल माझ्याच गावच्या किनाऱ्यावर जाणार हे कळूनही मी घरी कळवलं नाही; घरचं कुणी वर्गासमोर यायला नको होतं.

आई खडकावरच होती. अमावास्येची मोठी सुकती, ती दुसरीकडे कुठे असणार. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कालवं फोडायचा टोचा, कमरेला टोपली. मला पाहून ती उभी राहिली.

"बाय गो, तू? आनि डोक्यावर ह्या काय?"

मालतीने मला विचारलं, "ही कोण?"

मी म्हणाले, "गावातली एक बाई."

आईने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मालतीकडे. म्हणाली, "व्हय, गावचीच हाय मी. काय शोधताव तुमी?"

प्राध्यापकांनी मला सांगितलं, विचारा तिला, नेहमी न दिसणारं काही आहे का. ते तिच्याशी बोलले नाहीत. आई आम्हाला पार टोकाच्या डबक्यापाशी घेऊन गेली. एक दगड अलगद कलता केला. खाली हातभर पाण्यात एक मऊ जीव. हाडं नाहीत, शिंपला नाही, कानांसारखी दोन टोकं वर. पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं होतं, समुद्री ससा. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं, कारण कुणी तो खात नसे.

"डिवचू नको," आई मला म्हणाली, "जांबला रंग सोडतो. आनि येकदम मारू नको. भ्याला का गोला व्हतो. सावलीत ठेव, त्याचा त्याला पसरू दे."

मालतीलाही शेजारी तसाच एक सापडला. तिने तो सरळ स्पिरिटमध्ये टाकला. क्षणात त्याचा आवळून गोळा झाला, बाटलीभर जांभळं पाणी. "अगंबाई," म्हणाली आणि हसली. मी माझा मातीच्या पसरट परळात सावलीला ठेवला. गुंगीचं औषध थेंबाथेंबाने पाण्यात सोडत दुपारभर बसले. तो पसरला, कान उभारले, तसाच निजला. मग स्पिरिट. आई केव्हा निघून गेली ते मी पाहिलं नाही.

आठवड्याने प्रयोगशाळेत प्राध्यापकांनी माझी बाटली उजेडाला धरली. असा उलगडलेला नमुना आपल्याकडे नाही, म्हणाले. माझे कान तापले. मी मालतीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे वरून पाहिलं.

मग ते मला म्हणाले, "तुमचं अक्षर सुरेख आहे. चिठ्ठी तुम्हीच लिहा. प्राण्याचं नाव, ठिकाण, भरतीओहोटीची वेळ. आणि संग्राहक म्हणून मालतीबाईंचं नाव."

मला वाटलं ते चुकले. मी म्हणाले, "सर, हा मी आणला."

"तुम्ही त्या गावच्याच," ते शांतपणे म्हणाले. "घरच्या विहिरीतून पाणी काढणं म्हणजे शोध नव्हे. मालतीबाईंनी तिथे जाऊन निरीक्षण केलं. शिवाय सगळ्यांची राहायची सोय त्यांच्या मामांच्या बंगल्यात झाली, हेही लक्षात घ्या."

मालती नखं बघत होती. "लिही ना," म्हणाली, "एवढं काय त्यात."

मी टाक बुडवला. प्राण्याचं नाव लिहिलं. ठिकाण लिहिलं. वेळ लिहिली. संग्राहक या शब्दापाशी हात थांबला. मी इथली म्हणून माझं काम हे काम नव्हे. हे ऐकून मी पेटले होते. आणि त्याच घटकेला मला कळलं, मीही माझं नाव लिहायलाच टपले होते. दगड कुणी कलता केला? सावलीत ठेव, कुणी सांगितलं? ती इथली बाई. मी तिला गावातली म्हणून मोकळी झाले होते. प्राध्यापकांनी माझ्याशी जे केलं ते मी आठवड्यापूर्वी तिच्याशी केलं होतं, आणि माझ्या जिभेने ते जास्त सफाईने केलं होतं.

मी लिहिलं: हिराबाय, कालवं काढणारी.

प्राध्यापकांनी वाचलं. "ही कोण?"

"माझी आई."

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात गावातली बाई."

"खोटं बोलले."

त्यांनी चिठ्ठी फाडली. मी दुसरा कागद ओढला आणि तेच लिहिलं. तीही फाडली. मी तिसरा घेतला. ते म्हणाले, "शिफारस मालतीबाईंची जाईल. विचार करा."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "पण त्यांचं नाव त्यांनाच लिहू द्या. माझ्या हाताने नाही."

मालतीने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तरी चाललं. शिफारस तिची गेली. मी मास्तरीण झाले. तिचं नाव पुढे कुठे कुठे छापून आलं, प्रत्येक वेळी मी जळले. अजून जळते. मोठ्या मनाची आजी तुम्हाला हवी असेल तर ती मी नाही.

आईची मी माफी मागितली नाही. माफी मागून मी सुटले असते, आणि मला सुटायचं नव्हतं. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या जिन्यावर मी एक गोष्ट ठरवली आणि आजवर मोडली नाही. कुणीही विचारलं, तुम्ही कोण, की आधी आईचं नाव सांगायचं. हिराबाय, कालवं काढणारी, असं पुरतं सांगायचं. मुलाखतीत, परीक्षकांच्या टेबलासमोर, तुमच्या आजोबांच्या घरच्यांसमोर. मग माझं नाव. समोरच्याचं तोंड वाकडं झालं तर होऊ द्यायचं, आणि वाकडं असेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं.