पूर्ण बाह्यांच्या शर्टातला अनिल

साड्यांच्या दुकानातून फोन आला तेव्हा मी हुडकेश्वरच्या घरी भाजी निवडत होते. "ताई, अनिलभाऊ जिन्यावर बसले न् उठूनच नाही राहिले." मी महाल भागातल्या त्या दुकानात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं... माझा धाकटा भाऊ, चव्वेचाळीस वर्षांचा, हार्ट अटॅकनं गेला. आता दोन महिने होतील. त्याच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आमचे काका हात धुता धुता काय म्हणाले? "सुटला गा पोरगा त्या खाजेतून." त्यावर चार-पाच माना हलल्या. शी! मी ताट तसंच बाजूला सारलं. माणूस हृदयानं गेला आणि यांच्या डोळ्यांपुढे अजून त्याची कातडीच.

अनिलला विशीतच सोरायसिस झाला. आधी कोपरं, गुडघे, मग पाठ, मग दोन्ही हात, दंडापासून मनगटापर्यंत. लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे पापुद्रे. हा आजार लागत नाही, हे डॉक्टर घसा कोरडा करून सांगायचे. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावायचो आणि घरी येऊन त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगायचो. उपाय सांगणाऱ्यांना तर ऊत आला होता. कडुलिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं. उमरेडकडच्या कोणा बाबाच्या काळ्या लेपानं पाठ सोलून निघाली, तर तो बाबा वर म्हणतो, "आतली घाण बाहेर पडून राहिली." घाण म्हणे! मेच्या उन्हात, जिथे माणसं कूलरसमोरून हलत नाहीत त्या नागपुरात, माझा भाऊ मनगटापर्यंत बटणं लावून फिरायचा.

दुकानात तो काउंटरवर होता. साडी अशी उलगडायचा की नुसती बघायला आलेली बाईही घेऊन जायची. एक दिवस एका बाईनं त्याच्या मनगटाकडे पाहून पदर आवरला. "दुसऱ्याले दाखवाले सांगा," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून अनिल माडीवरच्या गोदामात, गठ्ठे घेऊन दिवसभर जिन्यावर वर-खाली. गेलं वर्षभर तो म्हणायचा, "ताई, जिना चढलो का छाती भरून येते." मी म्हणायचे, "गोदामात धूळ असते, तोंडाले रुमाल बांधत जा." मोठी शहाणी मी!

मागच्या महिन्यात सुषमानं, त्याच्या बायकोनं, एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी चामडीच्या डॉक्टरबाईंनी त्याला समजावलं होतं, की हे दुखणं नुसतं कातडीवर नसतं. अंगातली सूज रक्तवाहिन्यांनाही धरते, अशा माणसाला हृदयाचा त्रास लवकर गाठू शकतो. वय कमी आहे म्हणून थांबू नका, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. अनिल म्हणाला होता, "बीपी त मोजला मॅडम, शिबिरात. कार्डावर नॉर्मल लिहून आहे." बाकीच्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन दोघं घरी आले. बीपी नॉर्मल आहे, मग घाई कशाची? चिठ्ठी राहून गेली. "मलेही बरं वाटलं होतं, ताई," सुषमा म्हणाली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेले.

कारण ते शिबिर मीच भरवलं होतं, आमच्या समाजभवनात, महिला मंडळातर्फे. अनिलची पाळी आली. त्यानं बाहीचं बटण काढलं, बाही वर सारली, आणि नर्सपोरीचा हात बीपीच्या पट्ट्यावरच थबकला. मागे रांगेतल्या एकीनं तोंड वाकडं केलं. मी पुढे झाले. त्याची बाही खाली ओढली, बटण माझ्या हातानं लावलं. "राहू दे अनिल, शर्टावरूनच होते." आणि पोरीच्या कानाशी म्हणाले, "दोनदा फुगव न् नॉर्मल लिही. याच्या कातडीले लागला त याच्यानंतर बाया पट्टा बांधून नाही घेणार." तिनं आकडा न बघताच लिहिलं. जाताना अनिल मला म्हणाला, "बरं झालं ताई, तू होती." त्याला वाटलं, मी त्याची लाज राखली. मी माझ्या शिबिराची राखत होते. काकांची मला किळस येते, त्या पदर आवरणारीचीही येते... पण आरशात बघवत नाही, ते माझ्याच तोंडाकडे.

दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. उठताना खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसायचा, कोणी न सांगता. इतक्या वर्षांत एकदाही मी त्याला नको म्हणाले नाही. परवाच्या रविवारी सुषमा आणि त्यांची सोळा वर्षांची तन्वी आल्या. पोरीच्या कोपरावर नवा चट्टा उठला आहे, रुपयाएवढा. जेवून ती उठली आणि ओढणीच्या टोकानं खुर्ची पुसू लागली.

"काहून पुसून राहिली वं?"

"बाबा पुसायचे ना, आत्या."

मग मला राहवलं नाही. सुषमाला समोर बसवलं आणि शिबिराचं सगळं सांगून टाकलं, बटणासकट. तिनं तन्वीच्या हातून ओढणी सोडवली, पोरीच्या खांद्यावर नीट टाकली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "उद्या हिले दवाखान्यात नेतो. सगळं तपासून घेतो. तुम्ही नका येऊ, ताई."