बाईंची काळी बाटली

पाण्याचा पेला पुढे आला की बाई आधी विचारायच्या, "ह्याची बाटली लावली का?" आपल्याकडे दारात आलेल्याला बसायच्या आधी पाणी देतात, आणि ते नाकारणं म्हणजे घरच्यांचं नाक कापणं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वाटूरजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंनी अशी किती नाकं कापली, देव जाणे.

बाटली म्हणजे पाणी तपासायची बोटभर कुपी. तिच्यात पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायचं, काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. सातवीच्या मुली घराघरांतून पाणी भरून आणत आणि कुप्या वर्गातल्या कपाटात ओळीने मांडत.

एकदा शाळेच्याच टाकीचं पाणी काळं पडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सोमवारी तपासणीला साहेब येऊन राह्यलेत. तवर ही बाटली कपाटातच असू द्या."

मीही म्हटलं, जाऊ द्या ना बाई. भांडणापासून चार हात लांब राहण्यात माझी मास्तरकीची सगळी वर्षं गेली होती.

"लेकरं हगवणीनं घरी पडून राह्यलेत सर, आन् मी गप बसू? बिलकुल न्हाई."

सोमवारी साहेबांपुढे विकतच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. बाईंनी त्या उचलल्या, टाकीच्या पाण्याचे पेले ठेवले आणि मधोमध ती काळी कुपी. "घ्या साहेब. लेकरं रोज हेच पिऊन राह्यलेत."

पेल्याला कोणी हात लावला नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, बाईंचा फार अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात टाकी उपसून घासली गेली. पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कारण कोणी सांगितलं नाही.

वाटूर फाट्यावर त्यांना सोडायला मी गेलो. ओळखीच्या हॉटेलवाल्याने दोन पेले पाणी आणून ठेवलं. बाईंनी पर्समधून कुपी काढून भरली, घट्ट बूच लावलं. तेवढ्यात एसटी लागली. कुपी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "परवा बघा सर. आन् बघून गप बसू नका."

दोन दिवस ती शर्टाच्या खिशात बाळगली. तिसऱ्या दिवशी पाहिली तर काळीकुट्ट. पुन्हा फाट्यावर गेलो, तर हॉटेल गिऱ्हाइकांनी भरलेलं.

"या सर, बसा. गेल्या का बाई? पाणी घ्या," म्हणत हॉटेलवाल्याने पेला पुढे केला.

पेला बाजूला सारून मी कुपी त्याच्या गल्ल्यावर ठेवली.

"ह्याची बाटली लावली होती," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.