निनावी अर्जाची गाठ

या, जवळ बसा. दारातून डोकावल्यासारखं वाचू नका. तुम्हा लोकांची एक वाईट खोड आहे, सांगूनच टाकते. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की तुम्हाला खून लागतो, दरोडा लागतो. रक्त दिसलं नाही की पान उलटलं! शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन घरी आले, एवढ्या वर्षांतले खून मी विसरत चालले. पण ही एक केस आजही आठवते, आणि तिच्यात साधी चोरीसुद्धा नाही.

आमचं ठाणं चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टीत. हद्दीत एक मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, काठावर डोंग्यातून, लहान होडीतून, मासे धरणाऱ्यांची वस्ती. तिथली तेरा वर्षांची एक पोरगी. एका मोठ्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक आपल्या अकादमीसाठी पोरी निवडायला तालुक्याला आले. हिला गोलमध्ये उभं केलं, तर एक बॉल हातातून निसटेना. त्यांनी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"बाबा डोंग्यातून जिती कतला फेकतेत, मले काठावर झेलावं लागते. ओला मासा निसटत नाई, तं बॉल काऊन निसटन?"

झाली निवड. राहणं, जेवण, शाळा, सगळं अकादमीत.

आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या तक्रारपेटीत निनावी अर्ज पडला. 'पोरीचे वय खोटे आहे. मोठी असून लहान दाखवली.' असाच अर्ज टपालानं अकादमीलाही गेला होता. त्यांनी आम्हाला कळवलं की आठ दिवसांत पोलीस चौकशीचा अहवाल द्या, नाहीतर ही जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

अर्जाची सुरळी बारीक नायलॉनच्या सुतानं बांधलेली. आमच्या हवालदारभाऊंनी नखं लावली, दात लावले.

"म्याडम, हे गाठ सुटतच नाई!"

"दात सांभाळा भाऊ, पेन्शनला लागतील." सूत सरकवून कागद काढला आणि आवक नोंद केली.

आधी शाळेत गेलो. दाखल रजिस्टर उघडलं तर अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जुलै! आमच्याकडे मायबाप पोर घेऊन जातात, तारीख माहीत नसते, मग गुरुजी आपल्या सोयीनं टाकून देतात. हवालदार म्हणाले, "याच्यात गुन्हा काय जी? माही बी एक जुलैच हाये." मी रजिस्टर मिटलं. माझीही तीच आहे.

दुसऱ्या दिवशी पोरगी आईसोबत ठाण्यात आली. आईनं पत्र्याच्या डब्यातून अंगणवाडीचं लसीकरणाचं कार्ड काढलं. पोरगी माझ्या टेबलावरच्या त्या सुरळीकडे आणि सुताकडे बघत उभी. मला वाटलं, खाकी पाहून घाबरली. कार्ड मी अंगणवाडीच्या नोंदीशी ताडून पाहिलं. वय बरोबर, तेराच. म्हणजे अर्ज खोटा.

पण केला कोणी? खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि ज्यानं एकदा लिहिलं तो परत लिहील.

बापाचा जबाब घ्यायचा राहिला होता, म्हणून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. बाप जाळं दुरुस्त करत बसला होता. पोलिसी धंद्यात एक गोष्ट शिकले आहे. माणूस तोंडानं बोलतो तेव्हा त्याचे हात बघावेत. सूत फिरलं, बोटाखालून गेलं, गाठ बसली, अर्जावर होती तशीच. मी पिशवीतलं अर्जाचं सूत काढून त्याच्या जाळ्यावर ठेवलं.

"भाऊ, ही गाठ मला शिकवता का?"

त्याचे हात थांबले. पोरगी चहा घेऊन आली होती. तिला त्यानं पाण्याला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाला, "मीच लिवलं जी. सातवी शिकलो हावो."

"पोटच्या पोरीवर?"

"लहान हाये ते. थो शहर, ते मोठे लोक. गिळून टाकतीन तिले."

मी रागावणार होते. तेवढ्यात पाळीच्या कडेला जाळी लावलेलं लहानसं डबकं दिसलं. आत बोटाएवढी पिल्लं सळसळत होती.

"हे काय?"

"बोटुकली. वाढवून राह्यलो."

"एवढा मोठा तलाव असताना डबक्यात काऊन?"

"तलावात मोठे मासे गिळती–" म्हणाला आणि बोलायचा थांबला. अकादमी म्हणजे असंच जाळी लावलेलं डबकं, हे त्याच्या ध्यानात आलं. पण पटकन हार मानणारा नव्हता. म्हणाला, "डबक्याचं पाणी कसं हाये, थे तं पाहा लागते ना बाई."

बरोबर बोलला! मी अहवाल पाठवला: अर्जात तथ्य नाही, अर्ज वडिलांचा, समज दिली. मग रजा टाकली आणि त्याला घेऊन अकादमीत गेले. मी अशी झडती जन्मात घेतली नाही. त्यानं खोल्यांच्या कड्या आतून लावून पाहिल्या, वरणाची चव घेतली, वॉर्डनबाईंना नावगाव विचारलं. शेवटी प्रशिक्षकाला म्हणाला, "जे पोरगी मोठ्या टीममंधी नाई लागली, तिचं का करता?"

"तिची बारावी होईपर्यंत आम्ही तिला सोडत नाही," ते म्हणाले. "आणि गुडघा दुखला तर आधी डॉक्टर, मग सामना."

बापानं तिथेच संमतीची सही केली.

पाच वर्षांनी तसंच झालं. उंची कमी पडली, पोरीला वरच्या संघात घेतलं नाही. लोक म्हणाले, फुकट गेलं. काय फुकट गेलं? बारावी झाली, गुडघे शाबूत आहेत, चारचौघांत हरून मान वर ठेवता येते. आता ती चंद्रपूरला कॉलेजात आहे आणि उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पात्रात वस्तीतल्या पोरींना गोल अडवायला शिकवते.

परवा बापानं हिंमत करून तिला सांगितलं, माझ्यासमोर. "थो अर्ज मीच केलतो, बाई."

ती जाळं विणत होती. मान वर केली नाही. "मले तवाच माहीत होतं. म्याडमच्या टेबलावर गाठ दिसली ना."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी हो म्हटल्यावरच जाचं होतं मले."

बाप तोंड फिरवून डोंग्यातलं पाणी उपसायला लागला. डोंगा कोरडाच होता.

मला वाटायचं, ही केस मी उलगडली. माझ्याआधी तेरा वर्षांच्या पोरीनं ती उलगडली होती, आणि बापाची लाज राखून गप्प बसली होती. कधीकधी तपास लागल्यावर गप्प राहणं हेच मोठं काम असतं. हे मला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

तर या बरं, इकडे. पाणी चढायच्या आत या, म्हणजे पात्रातला पोरींचा सामना दिसेल. कतलाचा रस्सा मी करते. नुसतं 'येतो येतो' नको. या रविवारीच या.