न झालेल्या सत्काराची बातमी

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, अंगारे सगळं नदीत सोडून दिलं होतं. मी त्या घरात वाढलेली. अंगात येणं, भानामती, चिंचेवरची बाई... कुणी असलं बोलायला लागलं की मी अजूनही उठून जाते. आणि या सदरात लोक लिहितात त्यात शेवटी कुणीतरी आधीच मेलेलं निघतं, तसंही माझ्याकडे काही नाही. माझ्या गोष्टीतले सगळे चांगले धडधाकट जिवंत होते. म्हणूनच तर अजून राग येतो!

बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी परभणीच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा सर्टिफिकेट कोर्स सुरू झाला. बाबा पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी होते, मी रोज पॅसेंजरने यायची. वर्गात मी एकटी मुलगी. शिकवणाऱ्या सरांचं स्वतःचं साप्ताहिक होतं, त्यामुळे रुबाब मोठा. पहिल्याच तासाला म्हणाले, "आपल्याकडचे वार्ताहर काय करतात? निमंत्रणपत्रिका हातात पडली की लोडाला टेकून बातमी लिहितात — कार्यक्रम उत्साहात पार पडला! प्रमुख पाहुणे फिरकलेच नाहीत, तरी यांच्या बातमीत भाषण ठोकून जातात. माझ्याकडे हे चालणार नाही. जायचं, बघायचं, मग लिहायचं."

मला लय आवडलं ते. मनात म्हटलं, मिळाला बाई एकदाचा खरा माणूस.

साप्ताहिकाकडे आलेल्या पत्रिका त्यांनी एकेकाला वाटून दिल्या. माझ्या वाट्याला देवगाव फाट्यापासून आत चालत जायच्या एका गावाची आली — झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार. गावाचं नाव लिहीत नाही, लोक अजून राहतात तिथे.

मी गेले. नीट वाचा... मी गेले होते! सेलूहून एसटीने फाट्यावर उतरले, विचारत विचारत गाव गाठलं. शाळेपुढे ताडपत्रीचा मांडव होता. सतरंज्यांवर पोरं दाटीवाटीने बसलेली, लाउडस्पीकर सारखा कुंईं कुंईं करायलेला. हेडमास्तर — जाडजूड, कानांवर केसांचे झुपके — "पेपरवाल्या बाई आल्या, सरका, सरका" म्हणत मला पुढच्या खुर्चीकडे घेऊन गेले. कुणीतरी हातात चिवड्याची पुडी दिली. सगळ्या मिरच्याच त्यात, नाकाडोळ्यांतून पाणी आलं माझ्या. सरपंचांनी गुरुजींना शाल घातली, नारळ दिला. मग गुरुजी बोलायला उभे राहिले. बारके, काळेसावळे, आमच्याच समाजातले.

ते म्हणाले, "मी या शाळेत आलो तेव्हा माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा, परत खिडकीत ठेवायचा. मी कधी बोललो नाही. पोरं माझ्याकडं बघून शिकायली होती, त्यांच्यापुढं कडू तोंड कशाला करायचं. आज सरपंचसाहेबांनी शाल घातली, तेव्हा त्यांचा हात माझ्या मानेला लागला. मला आणखी काही नको."

मी रडले. पेपरवाल्या बाईने रडू नये, पण रडले. घरी येऊन सगळं जसंच्या तसं लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना दिलं. सर वर्गात म्हणाले, "बघा, याला म्हणतात बातमी!"

त्यानंतरच्या दिवशी सर वर्गात आले ते तोंड लाल करूनच. हेडमास्तरांचा निरोप आला होता — कार्यक्रम रद्द झाला, कृपया बातमी देऊ नये.

"कार्यक्रम झालाच नाही!" सर माझा कागद हलवत ओरडले. "आणि बाईसाहेबांनी भाषणासकट लिहिलाय! पत्रिकेवरून लिहिलंस ना?"

"सर, मी तिथे होते."

"कुठे? स्वप्नात?"

मी एसटीची तिकिटं दाखवली. म्हणाले, तिकिटावरून तू फाट्यापर्यंत गेलीस एवढंच कळतं. मागून एक पोरगा कुजबुजला, "एकटी बाईमाणूस एवढ्या लांब जाईल तरी का?" सगळे फिदीफिदी हसले. सरांनी निकाल दिला — वर्गासमोर कबूल कर, बातमी रचली म्हणून. नाहीतर पूर्णेची गाडी पकड आणि परत येऊ नकोस.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोटारडी म्हणून पटावरून नाव काढून घ्यायचं, की खोटं कबूल करून खरी ठरायचं? मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, जाऊन बघायचं? मग चला की!" सगळ्या वर्गादेखत बोलले, त्यामुळे त्यांना यावंच लागलं.

गेलो. शाळेपुढे मांडव तर सोडाच, बांबू रोवल्याचा खड्डासुद्धा नव्हता. हेडमास्तर मात्र तेच. तेच कान, तेच केस! माझ्याकडे बघून म्हणतात कसे, "ह्या बाईला मी आजच बघायलोय."

 मी तरीही विचारलं, "कार्यक्रम रद्द का केला?"

"ऐन वक्ताला अडचण आली."

"कसली?"

त्यांनी सरांकडे बघितलं, मग बैलगाडी मिळाली नाही म्हणावं इतक्या सहज बोलले, "शाल घालायला कोनी तयार हुईना. सरपंच म्हनले, मला जमायचं न्हाई. मग खामखा तंटा कशाला?"

 मी म्हटलं, आता गुरुजींकडे जायचंच. वस्तीत त्यांचं घर होतं. ते ओट्यावर बसून तूर निवडत होते, शेजारी त्यांच्या मालकीणबाई. मला त्यांनी ओळखलं नाही. कसे ओळखणार?

सरांनी खिशातून माझा कागद काढला. "गुरुजी, या मुलीने तुमच्या तोंडी एक भाषण घातलंय. ऐका आणि सांगा." आणि नाटकात वाचतात तसे हेल काढून वाचायला लागले, "मी या शाळेत आलो तेव्हा माझा कप..."

"थांबा," गुरुजी म्हणाले. सूप खाली ठेवलं. "खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा, परत खिडकीत ठेवायचा..." आणि शेवटपर्यंत बोलले. सर कागदावर बोट ठेवून ऐकत होते, त्यांचं बोट ओळीवरून पुढे सरकत गेलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मालकीणबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "अवो, ह्ये कवा बोल्ले तुमी?"

"कुठंच न्हाई. सत्काराचं कळल्यापासून मनातल्या मनात पाठ करत हुतो. कागदावर उतरवलं न्हाई, तुला सांगितलं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमी बघितलं म्हनता... शाल कुनी घातली?"

"सरपंचांनी."

"हात लागला?"

मी म्हटलं, "लागला, गुरुजी. मी समोरच बसले होते."

त्यांनी मान डोलावली. परत सूप उचललं, पण हात काही चालेना. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर मी रात्रभर बसून दुसरी बातमी लिहिली — सत्कार का झाला नाही, शाल घालायला कोण तयार झालं नाही, हेडमास्तर काय म्हणाले. सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सगळं. सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

वाचून म्हणाले, "रद्द झालेला कार्यक्रम ही बातमी होत नाही. आणि उगीच गावात तेढ कशाला? तुझं ते पहिलं प्रकरण मी विसरायला तयार आहे. जा, बस जागेवर."

मी बसले नाही. त्यांच्या समोरून माझे दोन्ही कागद उचलले आणि स्टेशनवर आले. कोर्स तिथेच संपला माझा, पहिल्याच आठवड्यात. बाबांनी दुसरी बातमी तेवढी दोनदा वाचायला लावली.

आता लोक मला समजावतात. ऊन लागलं असेल म्हणतात, चुकून दुसऱ्याच गावात गेली असशील म्हणतात. एक डॉक्टर तर मनाच्या शक्तीवर तासभर बोलले. ऊन लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं भाषण पाठ होतं काय हो? त्या दुपारी मी कुठल्या मांडवात बसले होते, मला खरंच माहीत नाही. आज इतक्या वर्षांनीही नाही, आणि कुणी उगीच जोडून दिलेलं उत्तर मला नको.

दुसरी बातमी का छापली नाही, ते मात्र मला त्याच दिवशी कळलं होतं.