फोकस नंतर लावू

पूर्व सॅन होजेत, सीमेपलीकडून आलेल्या लोकांच्या वस्तीत, कुणाची मुलगी पंधरा वर्षांची होणार म्हटलं की लग्नासारखा सोहळा. आधी हॉल ठरायचा, मग झगा, आणि झग्याचं माप घेता घेताच आई म्हणायची, अन्सेल्मोला विचारा बाई, त्याला त्या दिवशी सवड आहे का. हा अन्सेल्मो बारागान फोटोवाला. सगळे त्याला माएस्त्रो म्हणत, म्हणजे आपल्याकडचं मास्तर. शाळेचं तोंड त्याने फारसं पाहिलं नव्हतं, पण फोटो काढायला उभा राहिला की अख्ख्या हॉलला वर्गासारखं दामटायचा. पोट आत घ्या कोंपाद्रे, नाहीतर केक दिसायचा नाही, असं तोंडावर सांगायचा; कोंपाद्रे म्हणजे दोस्त. बोलणं टाकलेल्या दोन जावांना शेजारी शेजारी उभं करायचा. कुणी लाजून कोपऱ्यात उभं असलं तर सरळ जाऊन दंडाला धरून आणायचा. लोक शिव्या घालायचे आणि तेच फोटो भिंतीवर लावायचे.

पुढे डोळे गेले. म्हणजे अगदी आंधळा नाही झाला, पण मोतीबिंदू काढल्यावरही उजव्या डोळ्याला पूर्वीचं दिसेना. एका समारंभात बाप-लेकीच्या नाचाचे फोटो काढले, तर मागचा केक लख्ख आणि मुलगी धुक्यात. मुलीच्या आईने अल्बम परत आणून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. त्या दिवशी अन्सेल्मोला जेवण गेलं नाही. आयुष्यभर माणसाला एकच गोष्ट येत असावी आणि तीच हातातून निसटावी, याहून वाईट काय असतं!

अशात तो कॅमेरा बाजारात आला. तिथल्याच कॉम्प्युटरवाल्या पोरांनी बनवलेला, त्याच्या दुकानापासून बसने जाता येईल इतक्या जवळ. दिसायला नळाच्या तुकड्यासारखा. दुकानदाराने दाखवलं, की फोटो आधी काढायचा आणि फोकस मागाहून, कॉम्प्युटरवर. फुलावर बोट ठेवलं की फूल स्पष्ट, मागच्या माणसावर ठेवलं की तो माणूस. डोळ्यांनी दगा दिलेल्या म्हाताऱ्याला कुणी म्हणावं, तू आत्ता नुसतं बटण दाब, बघायचं ते घरी जाऊन सावकाश बघ! अन्सेल्मो तिथल्याच स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडला. दुकानदार बावरून पाणी घेऊन आला.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्या यंत्राने त्याला तारलं. पळणारं पोर, उडालेला फुगा, काही चुकेना. बायका दुकानात येऊन पडद्यावर बोटं लावत बसायच्या. एका फोटोत आधी नात, मग तिच्या मागे डुलकी घेणारे आजोबा वर यायचे आणि सगळ्या खिदळायच्या. पण मोठा फोटो छापला की चेहरे पीठ उडाल्यासारखे दिसायचे. हॉलमध्ये उजेड कमी असला की आणखीच रड. लोरेन्सो नावाचा दुसरा फोटोवाला त्याला टोमणा मारायचा, की तुझे फोटो पडद्यावर बरे, आमच्या लोकांना भिंतीवर लागतात. अन्सेल्मो हसण्यावारी न्यायचा. त्याच्यात आणखी एक बदल झाला होता, तो मात्र त्याच्याही ध्यानात आला नाही. तो आता कुणावर ओरडत नव्हता. कोण कुठे उभा आहे, हलतोय, बघतोय, कशाची फिकीर नाही. नंतर बघू, म्हणायचा.

असंच येसेनियाचं पंधरावं आलं. तिचा बाप रेफुहियो छपरं घालायचं काम करायचा. त्याच्याकडे या देशात राहायची कागदपत्रं नव्हती, आणि कॅमेऱ्याशी त्याचं साप-मुंगसाचं वैर. चेहरा कुठे छापला गेला की कधीतरी तो पोलिसांच्या हाती लागणार, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. रिवाजाप्रमाणे लेकीचे सपाट बूट काढून तिला उंच टाचांचे घालताना तो गुडघ्यावर बसला, तेही मान खाली घालून. नाचला तेही तिच्या खांद्यावर तोंड लपवून. मग स्वयंपाकघराच्या दारात मटणाचा ट्रे धरून लेकीकडे बघत उभा राहिला.

अन्सेल्मोने त्याला पाहिलं. जवळ ये म्हणाला, तो येईना. पूर्वीचा अन्सेल्मो असता तर ट्रे खाली ठेवायला लावून त्याला ओढतच आणला असता. हा लांबूनच म्हणाला, "राहा तिथेच कोंपाद्रे. हा कॅमेरा तुला कुठूनही ओढून आणतो." आणि लेकीचा फोटो काढला, मागे बाप.

त्यानंतर रेफुहियोला पोलिसांनी कामावरून उचललं आणि सीमेपलीकडे सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात तो वाळवंटातून परत यायला निघाला आणि तिथेच त्याचा जीव गेला. त्याचा फोटो असलेलं एकुलतं एक ओळखपत्र त्याच्या खिशात होतं, ते सापडलंच नाही.

ऑक्टोबर सरता सरता त्याची बायको एलोदिया येसेनियाला घेऊन दुकानात आली. मेलेल्यांचा दिवस तोंडावर आला होता. घरात झेंडू आणून ठेवलेला, पाव सांगितलेला, त्याला आवडायचं ते मटण ती करणार होती. चौरंगावर ठेवायला फोटो मात्र नव्हता. फोटोवरून मेलेला माणूस आपलं घर ओळखतो आणि त्या एका रात्रीपुरता येतो. फोटोच नसेल तर यायचा कुठे?

"आहे, माझ्याकडे आहे," असं मोठ्या तोऱ्यात म्हणत अन्सेल्मोने कॉम्प्युटर लावला. येसेनियावर बोट ठेवलं, ती स्पष्ट. मग दारावर ठेवलं. दाराची कडी आली, ट्रे आला, पांढरा शर्ट आला, शर्टाची बटणं आली. चेहऱ्याच्या जागी एक तपकिरी फराटा. कॅमेरा दिसताच रेफुहियोने सवयीने मान फिरवली होती. अन्सेल्मो बोट थोडं वर, थोडं खाली, मागच्या भिंतीवर, परत चेहऱ्यावर नेत राहिला. फोकस मागाहून लावता येतो, पण हललेला माणूस मागाहून थांबवता येत नाही. त्याला हे पहिल्याच फेरीत कळलं होतं, तरी बोट थांबेना.

"तेव्हा त्यांना ओढून का नाही आणलंत, माएस्त्रो?" येसेनियाने विचारलं. "माझ्या मावशीला तर तुम्ही रडवून उभं केलं होतं."

अन्सेल्मोला वाटलं, या पोरीने दोन कानाखाली ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हातारा झालो, एवढंच तो पुटपुटला.

एलोदिया पडद्याजवळ वाकली. बराच वेळ तिने त्या फराट्याकडे पाहिलंच नाही, शर्टाकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "हाच छापून द्या. कॉलरला इस्त्री मी केली होती."

त्याने फोटो छापला, लहानच, मोठा केला असता तर शर्टही गेला असता. तिने तो पदरात धरावा तसा शालीच्या टोकात धरला आणि दारापाशी थांबली.

"चेहरा नाही यात. तरी त्याला कळेल ना हो, घर आपलं आहे ते?"

"कळेल," अन्सेल्मो म्हणाला.

तिचा विश्वास बसला नाही, हे त्याला दिसलं. त्याचा स्वतःचाही बसला नव्हता.